एकशिंगी घोड्यांची शिंगं पिढ्यानपिढ्या कशी चालवायची: जनुकांचे नियम ठरवायची माझी पद्धत

काल्पनिक प्राणी काढणाऱ्या, त्यांच्या गोष्टी लिहिणाऱ्या किंवा त्यांची वंशावळ सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. पहिली जोडी मस्त जमते, नर ठरतो, मादी ठरते, आणि मग पिल्लू काढायची वेळ आली की हात थांबतो, याचं शिंग कसं असणार? मग मनाला येईल तसं काढून टाकतो आणि तिसऱ्या पिढीत कुणीतरी विचारतं की ह्याच्या घराण्यात तर कुणाच्याच शिंगाला फाटा नव्हता मग ह्याला कुठून आला, आणि आपल्याकडे उत्तर नसतं. मी पहिला कळप असाच बिनहिशेबी वाढवला होता आणि शेवटी चाळीसेक जनावरं पुसून परत पहिल्यापासून सुरुवात केली. त्यानंतर जी पद्धत बसवली ती इथे सविस्तर लिहितोय.

माझ्या प्राण्याचं नाव एकांडा. अंग घोड्याचं, कपाळावर मधोमध एक शिंग. नर एकांडा, मादी एकांडी, आणि पिल्लाला मराठीत आधीपासूनच शिंगरू म्हणतात, त्यामुळे तो शब्द शोधावा लागलाच नाही. तुमचा प्राणी वेगळा असेल तरी हिशेब हाच चालतो.

आधी शिंग कशाचं आहे ते ठरवा

हे लोक सोडून देतात आणि मग पुढे गोंधळ होतो. गाय, शेळी, मेंढी यांचं शिंग म्हणजे आत हाडाचा गाभा आणि वर केराटिनचं, म्हणजे आपल्या नखाचं असतं त्याच पदार्थाचं, आवरण. ते आयुष्यभर वाढतं आणि गळत नाही. हरणातल्या सांबर-चितळासारख्या जातींचं ते नुसतं हाड असतं, दरवर्षी गळून नवीन येतं. गेंड्याच्या शिंगात हाड नसतंच, सगळं केराटिन. आणि नारव्हाल नावाच्या उत्तरेकडच्या देवमाशाचं जे लांब पीळदार 'शिंग' जुन्या काळी एकशिंगी घोड्याचं म्हणून विकलं जायचं तो खरं तर त्याचा दात, बहुतेक वेळा डावीकडचा.

मी गाईचा प्रकार निवडला, आणि त्यामागे एक खरा प्रयोग आहे. १९३३ मध्ये अमेरिकेत मेन इथे फ्रँकलिन डोव्ह नावाच्या जीवशास्त्रज्ञाने एका दिवसाच्या वासराच्या शिंगांचे दोन्ही अंकुर काढून कपाळाच्या मध्यावर शेजारी शेजारी बसवले, ते एकत्र वाढले आणि त्या बैलाला मधोमध एकच सरळ शिंग आलं. यातून कळलं की शिंग कवटीतून वर फुटत नाही, कातडीत असलेला अंकुर स्वतःचं हाड तयार करतो आणि ते मागाहून कवटीला जुळतं. आपल्यासाठी ही सोन्यासारखी माहिती आहे, कारण अंकुर तयार होणं, तो कुठे बसणं आणि त्याने कसं वाढणं ही तीन वेगळी कामं झाली, म्हणजे तीन वेगळ्या ठिकाणी बदल घडू शकतात.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे बघा. शिंग आहे की नाही हा एक प्रश्न आणि शिंग कसं आहे हा दुसरा. दोन्ही एकाच जनुकावर टाकले की कळप दोन पिढ्यांत नीरस होतो. वेगळे ठेवले की तो आपोआप नवनवीन काहीतरी देत राहतो.

लिहायची खूण

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडची एक बापाकडची. एक प्रत असली तरी जिचा गुण दिसतो ती प्रभावी, आणि दोन्ही असल्या तरच जिचा दिसतो ती अप्रभावी. इंग्रजी पुस्तकांत यासाठी मोठं अक्षर छोटं अक्षर वापरतात, देवनागरीत तसं करता येत नाही म्हणून मी बरेच दिवस अधिक-उणेच्या खुणा वापरत होतो आणि चुकत होतो. मग सुचलं की आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ आहे की! दीर्घ म्हणजे प्रभावी, ऱ्हस्व म्हणजे अप्रभावी. तेव्हापासून अंकुराचं जनुक आ किंवा अ, पिळाचं पी किंवा पि, फाट्याचं फा किंवा फ. वाचताना कानालाही फरक कळतो.

पहिलं जनुक: अंकुर

आ-आ आणि आ-अ ला शिंग, अ-अ भुंडं. दोन आ-अ एकत्र आणले तर सरासरी चारातली तीन शिंगरं शिंगवाली आणि एक भुंडं. हे तीनास एक म्हणजे मेंडेलचं जुनं प्रमाण, त्याच्या १८६६ साली छापलेल्या निबंधात गोल वाटाणे ५४७४ आणि सुरकुतलेले १८५० आले होते, भागाकार करा, २.९६ येतो.

इथे तुम्हाला एक निवड करायचीय. खऱ्या गाईगुरांत उलटं आहे, तिथे भुंडेपणा प्रभावी आहे, त्यामुळे दोन भुंड्या जनावरांना शिंगवालं वासरू होऊ शकतं पण दोन शिंगवाल्यांना सहसा भुंडं होत नाही. तुमच्या गोष्टीत भुंडं शिंगरू जन्मणं ही धक्क्याची घटना हवी असेल तर माझ्यासारखं भुंडेपण अप्रभावी ठेवा. भुंडे खूप आणि शिंगवाला अवचित हवा असेल तर गाईचा नियम घ्या. दोन्ही बरोबर आहेत, फक्त अर्ध्यात बदलू नका.

आणि प्रमाण म्हणजे हमी नव्हे हे मनात पक्कं करा. घोडी साधारण अकरा महिने गाभण असते आणि एका वेळी बहुतेक एकच शिंगरू देते. आ-अ जोडीला चार शिंगरं झाली तर चारही शिंगवाली निघण्याची शक्यता जवळजवळ ३२ टक्के आहे, आणि बरोब्बर तीन-एक येण्याची साधारण ४२ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त घरांत पुस्तकातलं प्रमाण दिसणारच नाही. म्हणून मी चार पिल्लं ठरवून तीन-एक वाटत नाही, प्रत्येक पिल्लासाठी दोन नाणी उडवतो, एक आईचं एक बापाचं, छापा आला तर दीर्घ काटा आला तर ऱ्हस्व. ज्याच्या दोन्ही प्रती सारख्या आहेत त्याचं नाणं उडवायची गरज नाही.

दुसरं जनुक: पीळ, आणि झाकलेलं शिंग

पी असेल तर शिंग पीळदार, पि-पि असेल तर सरळ. एवढंच. पण हे पहिल्या जनुकाशेजारी ठेवलं की खरी गंमत येते, आणि माझ्या मते अख्ख्या पद्धतीतला सगळ्यात सुंदर भाग हाच, म्हणून जरा सावकाश बघू.

माझ्या कळपात सायली नावाची भुंडी एकांडी आहे आणि राघव नावाचा सरळ शिंगाचा एकांडा. सायली अ-अ पी-पी. राघव आ-आ पि-पि. आता सायलीकडे पिळाच्या दोन्ही प्रती आहेत पण अंकुरच नाही तर पीळ पडणार कशाला? कपाळ साफ. तिला बघून कुणालाही वाटेल हिच्याकडे शिंगाचं काहीच नाही. दोघांचं पहिलं शिंगरू झालं, त्याला बापाकडून आ मिळाला, आईकडून पी मिळाला, ते झालं आ-अ पी-पि, आणि सहाव्या महिन्यात त्याच्या कपाळावरचं बोंड फुटून वर आलं तर त्याला पीळ! आईला शिंग नाही, बापाचं सरळ, आणि पोराचं पीळदार. दुसरं पण पीळदार, तिसरं पण. जितकी होतील तितकी सगळी पीळदारच, कारण दुसरं काही होणं शक्यच नाही.

हे चित्र मी काढलं तेव्हा मलाच अंगावर काटा आला होता, कारण मी काही ठरवलं नव्हतं, नियमानेच ते काढून दिलं.

आता त्यांच्यासारखीच आ-अ पी-पि अशी दोन जनावरं, वेगळ्या घराण्यातली घ्या म्हणजे नात्यातलं होणार नाही, एकत्र आणली तर सोळात ९ पीळदार, ३ सरळ आणि ४ भुंडी असं सरासरी प्रमाण येतं. चार भुंडी कारण अ-अ झालं की पीळ असो नसो दिसत नाही, दोन गट एकात मिसळतात. एक जनुक दुसऱ्याला झाकतं असा हा प्रकार. लॅब्राडोर कुत्र्यांत हेच आहे, काळा, चॉकलेटी आणि पिवळा, तिथेही ९:३:४, पिवळ्या लॅब्राडोरच्या केसात काळा की चॉकलेटी ते झाकलेलं राहतं.

म्हणून माझी कळकळीची विनंती, भुंड्या जनावराची नोंद कधीही रिकामी सोडू नका. लोक नुसतं 'भुंडं' लिहून पुढे जातात. त्याच्या आत सगळं शिंग लिहिलेलं असतं, फक्त उगवलेलं नसतं.

तिसरं: फाटा, नर-मादीत वेगळा वागणारा

शिंगाच्या टोकाला दोन फाटे. हे जनुक मी मेंढ्यांवरून घेतलं. १९०५ च्या सुमाराला डॉर्सेट हॉर्न या जातीच्या मेंढ्या, ज्यांत नर-मादी दोघांनाही शिंगं असतात, आणि सफोक, ज्यांत कुणालाच नसतात, यांचा संकर केला गेला, तर पहिल्या पिढीत सगळ्या नरांना शिंगं आली आणि सगळ्या माद्या भुंड्या. जनुकांची जोडी सगळ्यांची सारखीच, पण नराच्या अंगात ती प्रभावी आणि मादीच्या अंगात अप्रभावी.

एकांड्यांत मी असं ठेवलंय: फा-फा दोघांनाही फाटा, फ-फ कुणालाच नाही, आणि फा-फ असेल तर नराला फाटा येतो, मादीला येत नाही. फा-फ आणि फा-फ यांच्या शिंगरांत चारातल्या तीन नरांना फाटा आणि चारातल्या एकाच मादीला.

यातून दोन उपयोगाचे ठोकताळे निघतात. फाटा नसलेला शिंगवाला नर नक्की फ-फ असतो, त्याच्यात लपलेलं काही नाही. आणि फाटा असलेली मादी नक्की फा-फा असते, म्हणजे तिचे सगळे मुलगे, बाप कुणीही असो, फाटेवाले होणार, अर्थात अंकुर मिळाला तर. सुरुवातीला जो प्रश्न लिहिला ना, की घराण्यात कुणालाच फाटा नाही मग ह्याला कुठून, त्याचं उत्तर बहुतेक वेळा आईच्या बाजूला असतं. साध्या शिंगाच्या आज्या-पणज्या फा-फ असतात, मुलगी होत राहिली की दिसत नाही, आणि चार पिढ्यांनी मुलगा झाला की वर येतो.

पिळाची दिशा: आईची सही

हे हवं तर घ्या, नवख्यांनी पहिल्या कळपात नाही घेतलं तरी चालेल. नारव्हालचा पीळ नेहमी डावाच असतो त्यामुळे तिथे काही प्रश्न नाही. पण तळ्यातल्या एका गोगलगायीत शंखाचा पीळ उजवा की डावा हे तिच्या स्वतःच्या जनुकांवर ठरत नाही, तिच्या आईच्या जनुकांवर ठरतं. अंड्यात आईने जे भरून ठेवलेलं असतं त्यावर पहिल्या पेशींची वळणं पडतात, पिल्लाची स्वतःची जनुकं कामाला लागायच्या आधीच. १९२३ मध्ये स्टर्टेव्हंट नावाच्या जनुकशास्त्रज्ञाने हा उलगडा मांडला.

मी ते ऊ आणि उ ने लिहितो, ऊ उजवा आणि प्रभावी. नियम असा की शिंगराच्या पिळाची दिशा बघायची तर त्याच्या आईची जोडी वाचायची. आई उ-उ असेल तर सगळी शिंगरं डाव्या पिळाची, बाप ऊ-ऊ असला तरी. आणि आई स्वतः डाव्या पिळाची दिसत असेल पण तिची जोडी ऊ-उ असेल तर तिची सगळी पोरं उजवी. बापाचा ऊ वाया जात नाही, तो मुलीत जाऊन बसतो आणि नातवंडांत दिसतो, म्हणजे एक पिढी उशिरा. घोड्यासारख्या प्राण्यात हे पटवायला तुम्हाला काहीतरी कारण द्यावं लागेल, मी असं मानलंय की गर्भात असताना आईच्या रक्तातून येणाऱ्या एका द्रव्याने अंकुराची पहिली घडी पडते.

रंग आणि लांबी

रंग सोपा आहे. इथे प्रभावी कुणीच नाही, दोन्ही मिसळतात, गुलबक्षीत लाल आणि पांढऱ्याचं गुलाबी होतं तसं. का-का काळं शिंग, क-क मोतिया, का-क राखी. राखी-राखी जोडीला एक काळं, दोन राखी, एक मोतिया. राखी शिंगाचं शुद्ध घराणं कधीच बनत नाही, हे मात्र लक्षात ठेवा, गोष्टीत 'राखी शिंगांचा राजवंश' लिहून बसाल तर दुसऱ्याच पिढीत मोडेल.

लांबी एका जनुकावर ठेवू नका, फार खोटी दिसते. मी तीन जनुकं घेतली, म्हणजे सहा प्रती. मुळात ३० सेंटिमीटर धरायचं आणि दर दीर्घ प्रतीमागे ६ वाढवायचं, सगळ्यात लांब ६६. तिन्ही जनुकांत एक-एक दीर्घ असलेली म्हणजे ४८ ची दोन जनावरं आणली तर चौसष्टात एक ३०, सहा ३६, पंधरा ४२, वीस ४८, पंधरा ५४, सहा ६० आणि एक ६६ अशी सरासरी विभागणी येते, मध्ये गर्दी आणि टोकांना तुरळक, अगदी खऱ्या कळपासारखी. ही पूर्ण वाढ झालेल्या जनावराची लांबी. त्यावर उपासमार, आजारपण, वाईट हिवाळा यांचे दोन-चार सेंटिमीटर कमी करा. खऱ्या रानमेंढ्यांच्या आणि आयबेक्ससारख्या रानबकऱ्यांच्या शिंगावर दर हिवाळ्यात वाढ मंदावल्याची कडी उमटते आणि त्यावरून वय मोजतात, मी चित्रात त्या कड्या काढतो आणि जिथे दुष्काळाचं वर्ष होतं तिथे त्या जवळ जवळ काढतो.

लपलेलं जनुक कसं ओळखायचं

समजा गोष्टीत एखाद्या पाळणाऱ्याला शंका आहे की आपला देखणा नर आ-आ आहे की आ-अ. शिंगावरून कळणार नाही. त्याने तो नर भुंड्या माद्यांना दाखवायचा. एक जरी शिंगरू भुंडं निघालं तर निकाल लागला, तो आ-अ. पण सगळी शिंगवाली निघाली तर? एका शिंगरावरून काही सांगता येत नाही. आ-अ असूनही लागोपाठ पाच शिंगवाली होण्याची शक्यता ३२ मध्ये १, सातासाठी १२८ मध्ये १. सात झाली की माझा पाळणारा निर्धास्त होतो. एकाच मादीकडून सात म्हणजे जवळपास आठ वर्षं, म्हणून सात वेगवेगळ्या भुंड्या माद्या लागतात, आणि ज्या कळपात भुंड्यांना किंमत नाही तिथे त्या सात गोळा करणं हाच एक गोष्टीचा भाग होतो.

अख्ख्या कळपासाठीही एक हिशेब आहे. शंभरात एक भुंडं जन्मत असेल आणि जोड्या कुठेही जुळत असतील तर शंभरातली साधारण १८ जनावरं एक अ घेऊन फिरत असतात. एकासाठी अठरा! म्हणून भुंडी जनावरं मारून किंवा हाकलून भुंडेपण संपत नाही, कितीही क्रूर राजा आणा.

किंमत लावा

शिंगाचं जनुक फक्त शिंगाचंच काम करतं असं खऱ्या प्राण्यांत नेहमी नसतं. शेळ्यांत भुंडेपण प्रभावी आहे, पण जिच्या दोन्ही प्रती भुंड्या आहेत अशी मादी धड मादी म्हणून वाढतच नाही आणि वांझ निघते, म्हणून शेळी पाळणारे आईबापातलं एक तरी शिंगवालं ठेवतात. २००१ मध्ये त्याचं मूळ सापडलं, डीएनएतला ११,७०० अक्षरांचा एक तुकडा गळालेला असतो. आणि स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटांवरच्या सोय मेंढ्यांत मोठ्या शिंगाच्या एडक्यांना माद्या जास्त मिळतात, लहान शिंगाचे जास्त जगतात, आणि ज्यांच्याकडे दोन्हीतली एक-एक प्रत आहे त्यांना दोन्हीचा फायदा मिळतो, म्हणून लहान शिंगाचं जनुक तिथे टिकून आहे.

हे वाचल्यापासून मी प्रत्येक शिंगाला काहीतरी किंमत लावली. फा-फा मादीचं टोक जड, चरताना मान लवकर दमते. ६० च्या वर लांबी असलेले नर दाट जंगलात जात नाहीत. भुंडी जनावरं झुंजीत हरतात पण जखमी कमी होतात आणि म्हातारी होतात. त्यामुळे कळपातून कुठलंच जनुक नाहीसं होत नाही.

नोंद

प्रत्येक जनावराची एक ओळ, आणि त्यात दिसतंय ते वेगळं आणि आहे ते वेगळं. जिथे एक प्रत माहीत नाही तिथे टिंब ठेवा, उगाच भरू नका, पुढे पिल्लं होतील तशी टिंबं भरत जातात. दीर्घ कायम आधी लिहा. सायलीची माझ्या वहीतली ओळ अशी आहे:

सायली, मादी. दिसतं: भुंडी. आहे: अ-अ, पी-पी, फा-., ऊ-उ, क-क, लांबीच्या दीर्घ प्रती ४.

फाट्याचं एक टिंब अजून भरायचंय. तिला आत्तापर्यंत तीन मुलगे झालेत, राघव साध्या शिंगाचा म्हणजे फ-फ, आणि तिघांतल्या दोघांना फाटा आलाय. तिसऱ्याचं बोंड अजून फुटायचंय. तो साधा निघाला तर त्या टिंबाजागी फ येईल आणि सायलीची ओळ पूर्ण होईल, फाटा आला तर टिंब तसंच राहील, पुढच्या मुलापर्यंत.